बिनमतांची उमेदवारी

कोल्हापुरात ‘उमेदवार’ म्हटलं की लोक आधी पक्ष विचारतात. पण इथल्या उद्यमनगरात आणि एमआयडीसीत दरवर्षी एका वेगळ्याच उमेदवारीचे अर्ज भरले जातात. ना बॅनर, ना प्रचार, ना जेवणावळी. शिकाऊ उमेदवार ऊर्फ अप्रेंटिस नावाच्या या मंडळींचं नेमकं चालतं तरी कसं?

तुमचा ऑफिसातला पहिला दिवस आठवतोय? आयडी कार्डासाठी काढलेला भयाण फोटो, एचआरचा गोडगोड मेल, नवा लॅपटॉप, साठ स्लाइड्सचं इंडक्शन आणि दुपारी टीमबरोबर लंच. संध्याकाळी घरी फोन, ‘‘आई, ऑफिस एकदम मस्त आहे गं!’’ आपलं काम नेमकं काय आहे हे कळायला पुढचे सहा महिने लागतात, ती गोष्ट वेगळी.

आता दुसरा एक पहिला दिवस बघा. वय अठरा-एकोणीस. सकाळची शिफ्ट. वेलकम किट म्हणून हातात कॉटन वेस्टचा बोळा. मशीन पुसायचं, ऑइल घालायचं, खालचा लोखंडाचा भुगा गोळा करायचा. बटणाला हात लावायचा नाही. कुणी ‘हाय’ म्हणत नाही, कुणी नावही विचारत नाही. ‘‘ए बारक्या’’ अशी हाक आली की आपल्यालाच, एवढं समजून घ्यायचं. महिन्याच्या शेवटी जे हातात पडतं त्याला पगार म्हणायचं नाही. तो स्टायपेंड!

गंमत म्हणजे या पोराला सरकारी मराठीत मिळालेलं नाव फार सुंदर आहे. शिकाऊ उमेदवार. ‘उमेद’ हा फारसी शब्द, आणि ज्याला उमेद आहे तो उमेदवार. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘उमेदवारीचे दिवस’ म्हणजे बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगारावर काम शिकायचे दिवस. पुढे निवडणुका आल्या आणि हा शब्द पुढाऱ्यांनी पळवला. शिकवणाऱ्याचं नाव तर त्याहून भारी. आपला ‘मेस्त्री’ पोर्तुगिजांच्या ‘मेस्त्र’वरून आला. जर्मनांचा ‘माइस्टर’ आणि इंग्रजांचा ‘मास्टर’ हेही त्याच लॅटिन घराण्यातले. म्हणजे तुमच्या एमबीएतला ‘एम’ आणि उद्यमनगरातला मेस्त्री चक्क चुलतभाऊ निघाले की! फक्त एकाच्या नखांत ऑइल असतं.

आमच्या घरातली गोलमेज

या विषयात मी पडले ती आमच्या घरातल्या एका वादामुळे. माझा मामा शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. तीसेक वर्षं झाली. आधी दुसऱ्याच्या शॉपमध्ये, मग दोघांच्या भागीदारीत स्वतःच्या. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि तीन माणसं. मामेभाऊ कळंबा रोडच्या आयटीआयमधून मशिनिस्ट ट्रेड पास झाला आणि घरात गोलमेज परिषद भरली. पुढे काय?

पर्याय तीन. एक, एमआयडीसीतल्या कंपनीत वर्षभर अप्रेंटिस. दोन, बाइकवरून डिलिव्हरी. त्याचा मित्र तेच करतो आणि स्टायपेंडच्या दुप्पट सुटतात म्हणतो. तीन, सरळ मामाच्या शॉपमध्ये. मामीचं मत डिलिव्हरीला. (रोख पैसा, डोळ्यांसमोर पोरगा. तिचंही चुकत नव्हतं.) मला वाटलं, मामा म्हणणार, माझ्याकडंच राहा. तर मामा म्हणाला, ‘‘माझ्याकडं नगं. कंपनीत जा. कागद घिऊन ये.’’

पिढ्यान्‌पिढ्या ‘काम शिका, कागदात काय आहे’ असं सांगणाऱ्या उद्यमनगरातला माणूस हे बोलत होता! मी पुण्याला परतायचं तिकीट चार दिवस पुढे ढकललं आणि जमेल तितके शॉप्स, फाउंड्र्या पालथ्या घातल्या.

नजरेनं चोरायची विद्या

आधी मामा कसा शिकला ते. दहावीनंतर त्याला आजोबांनी एका मेस्त्रींकडे नेऊन उभं केलं. करार वगैरे काही नाही. ‘‘पोरगं तुमच्या पदरात टाकलंय,’’ हाच करार. पहिले सहा महिने झाडलोट, चहा, भुगा. मग बेंच ग्राइंडरवर टूल घासणं. आज कार्बाइडचं तयार इन्सर्ट बसवतात, धार गेली की फिरवायचं नाहीतर फेकायचं. तेव्हा हायस्पीड स्टीलचा तुकडा ग्राइंडरवर धरून त्याला स्वतः कोन काढावे लागत. कोन दोन-तीन अंश इकडेतिकडे झाला तर टूल कापण्याऐवजी घासतं, जॉब खरखरीत होतो. मेस्त्री घासलेलं टूल हातात घेणार, उजेडाकडे धरणार आणि काही न बोलता परत ग्राइंडरवर ठेवणार. म्हणजे पुन्हा कर. असं किती दिवस? मामाला आठवत नाही. पण ज्या दिवशी मेस्त्रींनी ते टूल न बोलता स्वतःच्या लेथला लावलं, तो दिवस त्याला लख्ख आठवतो.

मग फेसिंग, साधं टर्निंग, टेपर आणि सगळ्यात शेवटी आटे पाडणं. कुठलीच गोष्ट कुणी समोर बसवून शिकवली नाही. सुटणाऱ्या चिपचा रंग बघायचा. हायस्पीड स्टीलच्या टूलवर चिप निळी पडायला लागली की टूल तापलंय, स्पीड कमी कर. लेथचा आवाज ऐकायचा. सूर बदलला की समजायचं, धार गेली. आजही मामा आमच्याशी गप्पा मारता मारता मध्येच पाठीमागच्या लेथवरच्या पोराला ओरडतो, ‘‘टूल बघ!’’ मान न वळवता. मी तीनदा अनुभवलं. तिन्ही वेळा टूल गेलेलंच होतं.

कोल्हापूरकरांना हे नवं नाही म्हणा. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही, हौदा उकरायला लावतो. माती मळता मळता मोठ्यांच्या कुस्त्या बघायच्या आणि अंगात डाव मुरवायचे. शाहू महाराजांच्या काळातल्या तालमीपासून उद्यमनगरातल्या शॉपपर्यंत एकच सिलॅबस!

पण ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय...’ छाप गोष्टी मला फारशा पटत नाहीत. घाव सोसलेल्यातले किती दगड देव झाले आणि किती नुसतेच फुटले, याचा हिशेब कुणी ठेवलाय? मामाबरोबर लागलेल्या दुसऱ्या एका पोराला दोन वर्षांत लेथला हात लावू दिला नाही. तो गेला रिक्षा चालवायला. त्याला काही येत नव्हतं म्हणून नाही, त्याचा मेस्त्री शिकवणाऱ्यातला नव्हता म्हणून. ‘पदरात टाकण्या’च्या करारात तक्रार करायला खिडकीच नसते.

वाळू मुठीत धरा

कोल्हापूरचं खरं अप्रेंटिस स्कूल मात्र फाउंड्रीत आहे. जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची फाइव्ह स्टार एमआयडीसी... तुमच्या गाडीच्या, ट्रॅक्टरच्या इंजिनातला एखादा तरी भाग इथल्या भट्टीतून बाहेर पडलेला असू शकतो. उसाला पाणी पाजणाऱ्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता हे शहर इंजिनं बनवायला लागलं आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं.

ओळखीनं एका फाउंड्रीत शिरले. बाहेर डिसेंबर, आत वैशाख. तिथल्या मोल्डिंगच्या मेस्त्रींना मी अगदी पुणेरी प्रश्न विचारला, ‘‘वाळूत पाणी किती टाकायचं, हे कसं ठरवता?’’

‘‘लॅबवाली पोरगी सांगती की टक्का,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘पर तुम्ही हात आणा हिकडं, ताई.’’

मूठभर काळी वाळू माझ्या हातात. ही नदीतली साधी वाळू नसते. बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी घालून मळलेली असते. पाण्याचं प्रमाण साधारण तीन-चार टक्के. मुठीत दाबायची आणि उघडायची. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, मधोमध मोडली तर कड कुरकुरीत तुटली पाहिजे आणि तळहाताला ओल लागता कामा नये. पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर तेराशे अंशांच्या पुढे तापलेला रस आत पडताच त्या पाण्याची वाफ होते, वाफेला जागा मिळाली नाही की ती धातूतच अडकते. मग कास्टिंग वरून छान दिसतं, आणि मशीनिंगला गेलं की आतून भोकं निघतात. ब्लो होल. अख्खा जॉब रिजेक्ट.

माझी वाळू ओली होती म्हणे. मला तर कोरडीच वाटली!

पलीकडे पॅटर्न शॉप. तिथली एक वस्तू मला फार आवडली. पॅटर्नमेकरची पट्टी. तिच्यावरचा मीटर चक्क खोटा असतो! ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करायला हवा. दरवेळी गुणाकार कोण करणार? त्यापेक्षा पट्टीच मोठी करून टाकली. तिच्यावरचा एक मीटर म्हणजे खरे एक हजार दहा मिलिमीटर. ॲल्युमिनियमची पट्टी वेगळी, स्टीलची वेगळी. आता पॅटर्नचं डिझाइन कॉम्प्युटरवर होतं, कापतं सीएनसी. पण कुठली कड जाड ठेवायची, रस कुठून आत घ्यायचा, कुठला कोपरा शेवटी थंड होईल, ते ठरवायला अजून माणूस लागतो. आणि तो माणूस पाच-सहा वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढल्याशिवाय तयार होत नाही.

तो तयार होतोय का? इथे मेस्त्री गप्प झाले. त्यांच्या हाताखालच्या नऊ जणांत कोल्हापूर जिल्ह्यातला एकच. बाकीचे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ही मंडळी गावी गेली तेव्हा कितीतरी भट्ट्या सुरू करायला माणसं नव्हती. इथल्या पोरांना धूळ नको, धग नको. आणि खासगीत सांगायचं तर, ‘मुलगा फाउंड्रीत’ म्हटलं की स्थळं येत नाहीत, हेही नको. मेस्त्रींचा स्वतःचा मुलगा बँकेत आहे. आपली विद्या ते बिहारच्या पोराला देतात, मोडक्या हिंदीत, मनापासून.

पेंटरांचं प्रॉडक्शन हाऊस

हाताखाली शिकण्याची कोल्हापूरची सगळ्यात ग्लॅमरस स्टोरी अर्थातच बाबूराव पेंटरांची. मूळ आडनाव मेस्त्री! घरात सुतारकाम, कोरीवकाम. औपचारिक शिक्षण बेताचंच. या माणसानं १९१८च्या सुमारास आपला शिष्य दामले याला हाताशी धरून देशी बनावटीचा सिनेमा कॅमेरा तयार केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला, तो १९२०मध्ये झळकला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा पडेल ते काम करायला दाखल झाला. आधी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलेला. आपण त्याला व्ही. शांताराम म्हणून ओळखतो. झाडणं, सामान उचलणं, सेट रंगवणं, पडद्यावर दिसणं, सगळं केलं. ‘जॉब रोटेशन’ हा शब्द यायच्या कितीतरी आधी!

१९२९ला दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे सगळे शिष्य बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींबरोबर त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. पण मला यात दुसरीच गोष्ट टोचते. गुरूच्या बाजूनं बघा. दहा वर्षं तयार केलेली अख्खी टीम एका फटक्यात गेली, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार टिकली नाही.

उद्यमनगरातल्या प्रत्येक छोट्या मालकाला ही भीती आज आहे. दोन वर्षं पोराला शिकवायचं, त्यानं मोडलेली टूलं आणि बिघडवलेले जॉब पोटात घालायचे, आणि तो हाताला आला की समोरच्या कंपनीनं हजार-दोन हजार जास्त देऊन उचलायचा. मग शिकवायचं कशाला? तयारच घ्या! सगळ्यांनीच तयार घ्यायचं ठरवलं तर तयार करणार कोण, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ‘ॲट्रिशन’च्या नावानं तुमच्या एचआरवाल्या मॅडम रडतात ना, तेच हे. फक्त इथे नोटीस पिरियड नसतो.

कागदावर काय लिहिलंय?

आता मामा म्हणतो तो कागद. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा आहे. त्याचा गाभा सोपा. कंपनी आणि उमेदवार यांच्यात लेखी करार, उमेदवार अठराच्या आतला असेल तर पालकाची सही, आणि त्या कराराची सरकारदरबारी नोंद. ज्यानं आयटीआय केलेलं नाही त्याला आधी बेसिक ट्रेनिंग, आयटीआयवाल्याला ते माफ. मग प्रत्यक्ष मशीनवरचं शिक्षण. शेवटी परीक्षा आणि पास झालं की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, म्हणजेच एनएसी. सरकारी उपक्रमांच्या आणि बड्या कंपन्यांच्या जाहिरातींत बारीक अक्षरात ‘एनएसी आवश्यक’ असं असतं, तेच हे.

२०१९च्या नियमांनुसार किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे महिना पाच ते नऊ हजार ठरला. आयटीआयवाल्याला सात. २०२५मध्ये केंद्रीय परिषदेनं त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. २०१६च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त दीड हजार, केंद्र सरकार देतं आणि २०२३पासून तो थेट पोराच्या बँक खात्यात जमा होतो. ही छोटी गोष्ट वाटेल. पण खात्यात आलेले दीड हजार मधल्या कुणाला कापता येत नाहीत!

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते एक वाक्य. उमेदवाराला पीसवर पैसे द्यायचे नाहीत, प्रॉडक्शन बोनसच्या स्पर्धेत उतरवायचं नाही. म्हणजे कायदा म्हणतो, हा पोरगा किती नग काढतो ते मोजू नका. तो कामगार नाही, शिकणारा आहे. ओव्हरटाइम परवानगीशिवाय नाही. सुरक्षितता आणि आरोग्याचे कारखान्याचे नियम त्याला लागू. काम करताना इजा झाली तर भरपाई. पण याच नाण्याची दुसरी बाजू म्हणजे कामगारांचे बाकीचे हक्क त्याला नाहीत, आणि करारात लिहिलेलं नसेल तर वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही.

म्हणजे हा सगळा व्यवहार एकाच गोष्टीवर उभा आहे. पैसे कमी, कारण शिकवतोय. शिकवणं काढून घेतलं की मागे उरतो तो फक्त स्वस्त हेल्पर. आणि असं होतं बरं का! मामेभावाच्या बॅचचा एक मुलगा एका कंपनीत वर्षभर डिस्पॅचला खोकी बांधत होता. कागदावर तो मशिनिस्ट. परीक्षा दिली, सुटला. आता त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे आणि व्हीएमसीवर ऑफसेट कसा घ्यायचा ते येत नाही. इंटरव्ह्यूला गेला की पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

आणि मामा याच्या बरोब्बर उलटा. नव्वदच्या दशकात एका मोठ्या कंपनीत टर्नरची भरती निघाली. ट्रायलला शाफ्ट दिला होता, वीस मायक्रॉनच्या आत बसवायचा. (आपल्या डोक्यावरचा केस याच्या तिप्पट जाड असतो.) मामाचा बसला. मग टेबलापलीकडच्या साहेबांनी सर्टिफिकेट मागितलं. ते नव्हतं. त्याच भरतीत लागलेल्या एका मुलाला मामानंच संध्याकाळी शॉप बंद झाल्यावर टेपर टर्निंग शिकवलं होतं. त्याच्याकडे कागद होता. तो आता रिटायर होईल, फंड आणि ग्रॅच्युइटी घेऊन. कंपनीचं नाव मामा कधी सांगत नाही. मीही विचारलं नाही.

तीन माणसांचं शॉप

मग मामानं आपल्याच शॉपमध्ये कायदेशीर अप्रेंटिस घ्यावा, मुलाला कागद द्यावा, इतकं सोपं नाही का? नाही. २०१९च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं सक्तीचं केलं, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक. (आधी हे आकडे चाळीस आणि सहा होते.) मामाच्या शॉपमध्ये माणसं तीन! म्हणजे ज्याच्या हातात विद्या आहे तो नियमाच्या दारातच बाहेर, आणि ज्याच्याकडे शिक्का आहे तिथे शिकवायला वेळ असेलच असं नाही.

जर्मनीचं उदाहरण अशा वेळी हटकून दिलं जातं, मीही देते. तिथे पोरगं आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कामावर असतं, साधारण तीन वर्षं. पण खरी मेख पुढे आहे. परीक्षा ना शाळा घेते ना मालक, व्यवसायाची स्थानिक चेंबर घेते. त्यामुळे माइस्टरची सनद असलेल्या चार माणसांच्या वर्कशॉपमध्ये शिकलेल्या पोरालाही बड्या कंपनीतल्या पोराइतकाच वजनदार कागद मिळतो. उद्यमनगरात मेस्त्री भरपूर आहेत. त्यांच्या शिकवण्याला शिक्का देणारं टेबल नाही. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. मामाला सांगून पाहिलं. तो हसला, ‘‘आता काय पोरी, नातवंडांना दावायला?’’

चप्पल करणाऱ्या घरांतही हेच, फक्त आणखी कडवट. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं, खिळ्याशिवाय चामड्याच्याच वादीनं शिवण, वेणी घालणाऱ्या घरातल्या बायका. मूल रांगायला लागल्यापासून ट्रेनिंग चालू, ना करार, ना स्टायपेंड, ना सर्टिफिकेट. २०१९ला कोल्हापुरीला जीआय मिळाला. २०२५च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या रॅम्पवर तशीच चप्पल चालवली, गदारोळ झाला, आणि डिसेंबरमध्ये प्राडानं महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार केला. त्यात कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही भाग आहे. चांगलंच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजानं केलेल्या या कामाला जोवर जात चिकटलेली आहे, तोवर बाहेरचं पोरगं शिकायला येत नाही आणि आतलं पोरगं पहिली संधी मिळताच बाहेर पडतं. यात त्याला दोष कसा देणार?

सही करण्याआधी

गोलमेज परिषदेचं शेवटी असं ठरलं. मामेभाऊ गोकुळ शिरगावला कंपनीत जाणार. पण सही करायच्या आधी मामा स्वतः त्याच्याबरोबर गेला, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं स्टायपेंड विचारलाच नाही. म्हणाला, ‘‘साहेब, ह्यो कुणाच्या हाताखाली असणार, त्या मेस्त्रींना जरा भेटवा.’’ साहेब गडबडले, पण भेटवलं. दोघं मेस्त्री दहा मिनिटं मशीनशेजारी उभे राहून काय बोलले ते मामेभावाला मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग मामानं आणखी दोन गोष्टी विचारल्या. किती महिन्यांनी मशीन बदलणार? आणि गेल्या वर्षीच्या पोरांतली आता कुठं कुठं आहेत? दुसऱ्याचं उत्तर त्याला पटलं. पाचातली दोन तिथेच होती, एक समोरच्या कंपनीत.

ऑफर लेटर आल्यावर आपण सीटीसीचे आकडे लॅपटॉपवर बारा वेळा चाळतो. ‘मी कुणाच्या हाताखाली असेन, त्यांना भेटू शकते का?’ असं मी तरी आजवर कुठल्याच इंटरव्ह्यूत विचारलेलं नाही. तुम्ही विचारलंय?

मामाची एक अट मात्र होती. रविवारी सकाळी दोन तास उद्यमनगरात, मामाच्या जुन्या लेथवर. कंपनीत सीएनसी आहे, प्रोग्रॅम लिहायचा, इन्सर्ट बदलायचं, आवाज केबिनच्या काचेआड. ‘‘कापताना काय होतंय ते हाताला कळू दे आधी,’’ हे मामाचं म्हणणं. मामेभावाचं म्हणणं, हे सगळं आउटडेटेड आहे. दोघांचं यावरून दर रविवारी वाजतं आणि मामी नाश्ता आणून मध्यस्थी करते. तिचा डिलिव्हरीचा मुद्दा तिनं अजून सोडलेला नाही, फक्त वर्षभरासाठी पुढे ढकललाय.

परवा फोन केला तेव्हा मामेभाऊ चौथ्या महिन्यात होता. कंपनीच्या लॉगबुकात रोज काय केलं ते लिहायचं आणि मेस्त्रींची सही घ्यायची असते. मामा तेवढंच बघतो. तीन दिवस ओळीनं ‘साफसफाई’ लिहिलेलं दिसलं की घरात चौकशी. गेल्या आठवड्यात मात्र ‘ऑफसेट सेटिंग, दोन जॉब, ओके’ अशी नोंद होती. आणि रविवारचं?

‘‘टूल घासतोय अजून, ताई,’’ तो वैतागून म्हणाला. ‘‘पप्पा उजेडाकडं धरून बघतात नि परत ठेवून देतात. बोलतच न्हाईत काय!’’